न्हाणीचं पाणी

आमच्याकडे बोटीने आलेला माणूस आधी न्हाणीत जाई आणि मग घरात येई. हा नियम सासूबाईंचा. बोटीत कोण कुठे बसलेलं असतं, कोणाच्या टोपलीत काय असतं, कोणाला उलटी झालेली असते, देव जाणे. म्हणून अंगावरचे कपडे न्हाणीच्या दगडावर उतरवायचे, कढत पाण्याने आंघोळ करायची आणि आतून दिलेला धुवट पंचा नेसूनच ओटीची पायरी चढायची. माझे वडील लग्नानंतर पहिल्यांदा मला भेटायला आले, तेव्हा त्यांनाही सासूबाईंनी सोडलं नाही. वडील लगेच न्हाणीत शिरले. घाटावरचा माणूस, आमच्या दमट हवेत घामाने निथळत होते, त्यांना आंघोळ हवीच होती. राग मला आला. राग येण्यात मी पहिल्यापासून कोणाला ऐकत नाही.

न्हाणी परसात, वाडीच्या तोंडाशी होती. तिचं पाणी वाया जात नसे. आमच्या दिवेआगरात कोणाचंच जात नसे. दगडी पन्हळीतून ते आधी अळवाच्या खाचरात उतरे, तिथून केळींत आणि उरलंसुरलं एका माडाच्या आळ्यात. बाकीच्या माडांना आणि पोफळींना रहाटाचं पाणी मिळे, तेही पाळीपाळीने. या एका माडाला पाळी नव्हती. बारा महिने त्याचं आळं ओलं, त्यामुळे तो नुसता माजला होता. त्याच्या शहाळ्याचं पाणी इतकं गोड की सासूबाई त्या माडाचं एकही फळ व्यापाऱ्याला देत नसत. ते पाहुण्याला, आजाऱ्याला आणि पोटुशी बाईला.

देश स्वतंत्र झाला तेव्हा शाळेत वाटलेला पेढा हातात धरून घरी पळत गेलेल्या मुलींपैकी मी. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी या घरात आले. घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. यजमान मुंबईला नोकरीत. ते दिवाळीला येत, शिमग्याला येत आणि मे महिन्यात थोडे जास्त दिवस राहत. पावसाळ्यात बोटी बंद. श्रीवर्धनच्या किनाऱ्याला बोट लागायची थांबली की मुंबई आमच्यापुरती मिटून जाई. एकटेपणाची सवय होते असं शेजारच्या बायका सांगत. मला झाली नाही. मी सुपारी सोलताना भिंतीशी बोलत असे, आणि भिंतीने उत्तर दिलं नाही की तिच्यावरही चिडत असे.

यजमान स्वभावाने अगदी उलट. शांत, नीटनेटके. धोतराची घडी अशी घालत की मला लाज वाटावी. याचं कारण मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. खाडीकाठी अणूचा नवा कारखाना उभा राहत होता, तिथे ते ‘मदतनीस’ आहेत एवढंच गावाला ठाऊक होतं. गावाला त्याचा केवढा अभिमान! प्रत्यक्षात ते तिथल्या कामगारांचे कोट, टोप्या, हातमोजे धुण्याच्या खात्यात होते. आईला हे कळलं तर परिटाचं काम करतोस म्हणून ती अन्न सोडील, अशी त्यांना भीती. मला मात्र त्यांनी विश्वासाने सांगितलं आणि मी पदर तोंडाला लावून पोट दुखेपर्यंत हसले. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर माझी लुगडी मुद्दाम वेडीवाकडी वाळत टाकत असे. ते मुकाट उठून सरळ करत. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

त्या कामाबद्दल ते कधीकधी बोलत. छातीवर फिल्मचा एक बिल्ला लावावा लागे, अंगावर किरणं किती पडली ते मोजायला. धुतलेला प्रत्येक कपडा एका यंत्राजवळ धरायचा. यंत्र टिकटिकलं की कपडा पुन्हा धुवायचा, तरीही टिकटिकलं की वेगळ्या पिंपात टाकायचा. “दिसतं का काही कपड्यावर?” मी विचारलं. “काही नाही. अगदी पांढरास्वच्छ असतो,” ते म्हणाले. मला हे खोटंच वाटलं. स्वच्छ कपडा पुन्हा धुणारा माणूस मी फक्त सासूबाईंच्या रूपात पाहिला होता.

एका मे महिन्यात ते आले, नेहमीसारखे न्हाणीत गेले, बोटीचे कपडे सासूबाईंनी तिथेच बडवून धुतले, आणि दोन आठवडे राहून ते गेले. जाताना त्यांचा एक गंजिफ्रॉक दांडीवर राहिला. पाऊस लागला आणि मला दिवस गेल्याचं कळलं. सासूबाईंना झालेला आनंद त्यांनी बोलून दाखवला नाही. त्यांनी वाडीतल्या गड्याला न्हाणीजवळच्या माडावर चढवला. त्या सबंध पावसाळ्यात मला दिवसाआड एक शहाळं मिळत गेलं आणि अळवाचं फदफदं तर ताटात असेच. बाहेर पाऊस कोसळत असायचा, पत्र आलं तर आलं, आणि मी त्या शहाळ्याचं पाणी पीत पोटातल्या मुलाशी बोलत बसायची. भिंतीपेक्षा बरं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मला एकटं वाटत नव्हतं.

दिवाळीला ते आले. मी बंब पेटवून ठेवला होता. ते परसात आले, न्हाणीशी थांबले आणि म्हणाले, “इथे नको. मी समुद्रावर आंघोळ करून येतो.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “खारट अंगाने घरात येणार होय रे? समुद्राच्या पाण्याने का माणूस स्वच्छ होतो?”

ते पन्हळीकडे बघत होते. मग मला विचारलं, “या माडाचं कोण खातं सध्या?”

“मी,” मी ऐटीत म्हणाले. पोट दिसायला लागलं होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष जावं म्हणून मी मघापासून धडपडत होते. “सबंध पावसाळा दुसरं कोणी खाल्लं नाही.”

ते न्हाणीच्या दगडावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होते आणि तिथे दुसरंच काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीत, रहाटाच्या आवाजाआड, त्यांनी मला सगळं सांगितलं. मेमध्ये घरी येण्याआधी कामावर धुण्याच्या पाण्याचं एक पिंप कलंडलं. त्यातलं पाणी त्यांच्या हातांवर, छातीवर उडालं. तिथल्या लोकांनी त्यांचे कपडे काढून घेतले, साबण आणि ब्रशने त्यांचं अंग लाल होईपर्यंत घासलं, यंत्र लावलं, ते गप्प झाल्यावर घरी जा म्हणाले. हे सगळं रीतसर झालं. पण घासायला नेण्याआधी त्यांनी आतला गंजिफ्रॉक स्वतःच काढून पिशवीत टाकला होता. तो कारखान्याचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, आणि कोरा होता. सरकारी कपड्यांबरोबर गेला असता तर परत मिळाला नसता. त्या वेळच्या आमच्या घरात कोणीही तेच केलं असतं. कोरा कपडा कोण टाकून देतं? धुतला की झालं. तो गंजिफ्रॉक अंगात घालून ते बोटीत बसले आणि तोच सासूबाईंनी न्हाणीत बडवला.

“पण धुतला ना मग?” मी म्हणाले. “गेलं ते.”

“कुठे गेलं?” त्यांनी विचारलं.

त्यांनाही आधी हा प्रश्न पडला नव्हता. पावसाळ्यात एकदा सहज त्यांनी वरच्या साहेबाला विचारलं होतं, की आपण रोज एवढे कपडे धुतो, त्याचं पाणी कुठे जातं? साहेब म्हणाला, टाक्यांत साठवतो, तपासतो, जोर कमी झाला की समुद्राला सोडतो, समुद्र मोठा आहे. पण त्यातलं काही काही तर असं असतं, म्हणाला, की आपण मेलो, आपली मुलं म्हातारी झाली, तरी त्याचा जोर कमी होत नाही. हे ऐकताना त्यांना आमची पन्हळ आठवली. तेव्हा बोटी बंद होत्या. पत्रात लिहावं तर आमच्याकडे आलेलं पत्र पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचत. मला दिवस गेलेत हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं.

“गंजिफ्रॉक कुठाय?” त्यांनी विचारलं. तो सासूबाईंनी बंब धरायचं फडकं म्हणून घेतला होता आणि एक दिवस पेटून तो बंबातच गेला होता. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की बंबाच्या राखेने मी रोज भांडी घासते.

त्या दिवशी त्यांनी पन्हळ फोडून पाणी दुसरीकडे वळवलं आणि खाचरातलं सगळं अळू उपटलं. पानं, देठ, कांदे, सगळं. ते दोन्ही हातांत धरून ते परसात उभे राहिले. गुरांना घालावं तर गाईचं दूध आम्हीच पिणार. जाळावं तर पुन्हा राख. विहीर, ओढा, समुद्र, कुठेही टाकलं तरी कोणाच्या तरी वाटेत. मी मागच्या दारातून बघत होते. माणूस अळू घेऊन उभा आहे आणि पृथ्वीवर ते ठेवायला जागा नाही. शेवटी केवड्याच्या बनापलीकडे वाळूत खोल खड्डा खणून त्यांनी ते पुरलं, आणि परत आल्यावर म्हणाले, “तिथे पुढेमागे कोणी विहीर खणली तर?” माझ्या अल्पमतीला तेव्हापासून वाटत आलं आहे, की टाक्या बांधणाऱ्या मोठ्या लोकांची गोष्टही हीच असणार. त्यांची पन्हळ मोठी, एवढाच काय तो फरक.

माडही तोडायचा असं त्यांच्या मनात होतं. तिथे मात्र सासूबाई आडव्या आल्या. त्यांना विटाळ ठाऊक होता, आणि विटाळाला आंघोळ, गोमूत्र, फार तर दहा दिवस, हेही ठाऊक होतं. जो विटाळ धुतल्याने पाण्यात जातो, पाण्यातून झाडात जातो आणि जळाला तरी राखेत राहतो, असला विटाळ त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. “घरात सून पोटुशी असताना फळता माड तोडतोस?” त्या म्हणाल्या. “कोणी शिकवलं तुला हे?” माड राहिला. त्याची फळं मात्र त्यांनी उतरवून घेतली आणि तीही पुरली. जायच्या दिवशी ते मला म्हणाले, “तू काळजी करू नकोस,” आणि असं म्हणताना माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले. मला वाटलं, आई बघते आहे म्हणून.

उरलेले महिने मी कसे काढले ते सांगून कोणाला समजायचं नाही. पोटात मूल हलायचं थांबलं की मी घाबरायची आणि हललं की जास्तच घाबरायची. सासूबाईंशी यावर बोलणं शक्य नव्हतं आणि शेजारणींशी त्याहून नाही. मुंबईला जाऊन यजमानांनी साहेबाला आडून आडून विचारलं होतं. एवढ्याशाने काही होत नाही, असं तो म्हणाला. एवढंसं म्हणजे किती, ते सांगायला त्याच्यापाशी ना गंजिफ्रॉक होता ना राख. आणि सरळ विचारावं तर कपडा बाहेर नेलाच कसा म्हणून नोकरीवर गदा यायची. साहेब खोटं बोलला असं मी म्हणत नाही. बहुतेक त्याचंच खरं असेल. पण काही होत नाही असं जो सांगतो, त्याच्या बायकोने त्या माडाचं पाणी प्यायलेलं नसतं, आणि हा राग मी अजून सोडलेला नाही.

मुलगी झाली. सुईणीने हातात दिल्यावर मी तिची बोटं, कान, पापण्या, सगळं तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. चांगली धडधाकट, आणि आवाज थेट माझा. मी ढसाढसा रडले. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

शिमग्याला ते आले ते समुद्रावर आंघोळ करून, ओल्या कपड्यांनी. पडवीत बसले. मी मुलीला घेऊन पुढे गेले तर म्हणाले, “तिथूनच दाखव.” मी तिथूनच दाखवली. त्यांनी ती डोळे भरून पाहिली. हात दोन्ही मांडीखाली दाबून ठेवले होते.

“घ्या ना,” मी म्हणाले.

“अजून रोज तेच कपडे हाताळतो मी,” ते म्हणाले. “एकदा चुकलो तेवढं पुरे.”

त्यांचं ताट पडवीत, अंथरूण पडवीत, तांब्या वेगळा. रात्रीही ते आत आले नाहीत. मी वाट पाहिली, मग वाट पाहायची सोडली. दिवाळीला तेच, मेमध्ये तेच. आधी मला मुंबई दूर वाटायची. आता माजघर आणि पडवी यांच्यामध्ये एक भिंत होती आणि ती मुंबईपेक्षा दूर होती. माणूस मुंबईला असला की त्याला मनातल्या मनात जवळ तरी घेता येतं. पलीकडे तो कूस बदलताना ऐकू येत असेल तर तेही जमत नाही.

मुलगी बोलायला लागली तशी तिने या प्रकाराचा आपल्यापुरता अर्थ लावला. सासूबाई पूजेच्या वेळी सोवळ्यात असत तेव्हा तिला जवळ जायची बंदी होती, सोवळं सुटलं की आजी मांडीवर घेई. वडील आले की ती पडवीच्या उंबऱ्याशी हात मागे बांधून शहाण्यासारखी उभी राही. एकदा तिने तिथूनच त्यांना विचारलं, “बाबा, तुमचं सोवळं कधी सुटतं?”

ते म्हणाले, “सुटेल हो.” आणि उठून वाडीत गेले.

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. माझा संयम संपला होता. म्हटलं, “पोर चांगली आहे. मी चांगली आहे. तुम्ही चांगले आहात. तो माडसुद्धा चांगला आहे. मग हे काय चाललंय?” ते म्हणाले, “आज दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. दहा वर्षांनी दिसेल, तिच्या मुलांत दिसेल. कोण सांगणार?” मी म्हणाले, “मला दुसरं मूल हवंय.” त्यांनी मान हलवली. मग जे बोलायला आमच्यात जीभ उचलत नसे ते मी बोलले, “मूल राहू द्या. मला तुम्ही हवे आहात.” ते पोफळीला टेकून उभे होते. मग हळूच म्हणाले, “मलाही,” आणि जागचे हलले नाहीत.

अंग धुतलेल्या माणसाला हात लावल्याने काही होत नाही, हे पुष्कळ वर्षांनी मला एका डॉक्टरने दोन वाक्यांत सांगितलं. ती दोन वाक्यं त्या वेळी त्यांना समजावून सांगायला तिथे कोणाला सवड झाली नाही. त्यांनी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. त्यांना भ्यायचं कुठे ते कळलं होतं, थांबायचं कुठे ते कळलं नव्हतं.

मुलगी चार-पाच वर्षांची असताना एका मेमध्ये ते आले तेच कुडकुडत. हिवताप होता. पडवीत निजले, पण दुपारपर्यंत ताप इतका चढला की शुद्ध राहिली नाही. मी आणि सासूबाईंनी त्यांना उचलून माजघरात आणलं. मी त्यांचे कपडे बदलले. कपाळ पुसलं, छाती पुसली, हात पुसले. ते हात किती वाळले होते, साबणाने त्यांना भेगा पडल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं. थंडी वाजली की ते माझा हात घट्ट धरत आणि सोडत नसत.

मुलगी दाराशी उभी होती, हात मागे बांधून. मी तिला म्हटलं, “ये.” तिने विचारलं, “सुटलं?” मी म्हटलं, “सुटलं.” ती आली, गोधडीत शिरली आणि त्यांच्या कुशीत तोंड खुपसून निजली. त्यांचा हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. असे तीन दिवस गेले. घरात काळजी होती, सासूबाई देवापाशी बसून होत्या, आणि मी त्या दोघांच्या उशाशी बसून इतकी सुखात होते की मला त्याची भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. त्यांनी डोळे उघडले, कुशीतल्या पोरीकडे पाहिलं, आणि तिला जाग येऊ न देता हात अलगद काढून घेतला. मग भिंतीला धरत उठले, आपली वळकटी काखेत घेतली आणि पडवीत गेले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मलाही नमस्कार करायला सांगितलं. मी हात जोडले. मागितलं काय ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी तो ताप परत मागितला.